ईस्टरला मैदान नसलेला संघ : पश्चिम सिडनीत एएफएल कशी शिरली

सिडनीत 'फुटी' म्हटलं की रग्बी लीग. मेलबर्नला हाच शब्द उच्चारा, समोरचा एएफएलबद्दल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगबद्दल, बोलायला लागतो. देश एक, शब्द एक आणि खेळ दोन. या दोन मुलखांमधल्या सीमेला नावसुद्धा आहे, 'बरासी लाइन'. इयन टर्नर या इतिहासकारांनी 1978 साली एका व्याख्यानात ती आखली आणि मेलबर्नचे गाजलेले खेळाडू रॉन बरासी यांचं नाव तिला दिलं. रेषेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे एएफएलचा खेळ. उत्तर-पूर्वेला, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडच्या बहुतेक भागात, रग्बी.

2012 मध्ये एएफएलने ही रेषा ओलांडून थेट रग्बी लीगच्या माजघरात नवा संघ उभा केला, ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स. त्या निर्णयाची ही हकिकत आहे. मी याच भागात राहतो, आणि शनिवारी सकाळी लहान मुलांच्या 'ऑसकिक'ला, म्हणजे एएफएलच्या बालवर्गाला, मदतनीस म्हणून जात आलो आहे. त्यामुळे वर ठरलेली गोष्ट खाली गवतावर कशी उतरते तेही पाहायला मिळालं. लीग, क्लब आणि व्यावसायिक खेळाडू जगजाहीर आहेत, त्यांची नावं घेतली आहेत. मैदानावर भेटलेल्या माणसांची नावं आणि आमचं उपनगर मात्र सांगत नाही.

माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. पश्चिम सिडनीत शिरायचं दार क्रिकेटच्या मैदानात होतं. पहिली काही वर्षं एएफएल दुसरंच दार ठोठावत राहिली.

## पार्श्वभूमी

रग्बी लीगचा जन्म 1895 मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागात, हडर्सफील्ड गावात झाला. भांडण पैशाचं होतं. गिरणी-खाणीत राबणाऱ्या खेळाडूंची शनिवारी खेळायला गेल्यावर मजुरी बुडायची, आणि रग्बी युनियनचे कारभारी ती भरून द्यायला तयार नव्हते. सिडनीतही 1907 मध्ये दुखापत झालेल्या खेळाडूच्या भरपाईवरून तसाच वाद पेटला आणि 1908 मध्ये लीगची स्पर्धा सुरू झाली. कष्टकऱ्यांचा खेळ ही तिची ओळख तिथपासूनची. शहर पश्चिमेकडे पसरलं तशी लीगही सरकली. कँटरबरी-बँक्सटाउन 1935 मध्ये आले, पॅरामॅटा 1947 मध्ये, पेनरिथ 1967 मध्ये. पॅरामॅटा ईल्सनी 1981, 82, 83 आणि 86 अशी चार विजेतेपदं घेतली. त्या वर्षांत शाळेत असलेली माणसं आज आजोबा आहेत, आणि नातवाला पहिली जर्सी तेच घेऊन देतात.

लीगचा पाया किती खोल आहे हे इथल्या 'लीग्ज क्लब'च्या इमारतीत पाय ठेवल्यावर कळतं. खाली जेवणाची जागा, वर हॉल, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो. लोकांचे वाढदिवस तिथेच होतात, निवृत्तीचे निरोप तिथेच आणि माणूस गेल्यावरची चहापाण्याची बैठकही तिथेच. संघ हरला तरी इमारत जागेवर असते. नव्या खेळाला तेरा खेळाडूंच्या संघाशी लढायचं असतं असं बाहेरच्याला वाटतं. खरं तर त्याला या इमारतींशी लढायचं असतं.

एएफएलचा खेळ मेलबर्नचा. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने जुलै 1858 मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहिलं : हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी अंग सैल सोडू नये, एखादा फुटबॉल क्लब काढावा. पुढच्या वर्षी, मे 1859 मध्ये, मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. हा खेळ क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर वाढला आणि आजही तिथेच खेळला जातो. मेलबर्नच्या एमसीजीवर उन्हाळ्यात कसोटी आणि हिवाळ्यात फुटी, हे त्यामुळेच. रग्बी लीगला आणि सॉकरला लागतं ते चौकोनी मैदान.

सिडनीत एएफएलचा एक संघ होताच. 1982 मध्ये मेलबर्नचा कर्जात बुडालेला साउथ मेलबर्न क्लब इथे हलवला, तोच सिडनी स्वान्स. पहिली दहा-बारा वर्षं हालाखीत गेली. 1992-93 मध्ये ओळीने 26 सामने हरले. 1996 मध्ये अंतिम फेरी गाठली आणि 2005 मध्ये 72 वर्षांनी विजेतेपद आलं. पण स्वान्सचं घर सिडनी क्रिकेट ग्राउंडवर, शहराच्या पूर्वेला. पेनरिथच्या माणसाला सेंट्रल स्टेशनपर्यंतच तासभर लागतो, मैदान त्याच्याही पुढे. पश्चिमेच्या माणसाला स्वान्स टीव्हीवर दिसायचे, शेजारी नव्हे.

उलट्या दिशेचा प्रयोगही झाला होता. 1997 मध्ये रग्बी लीग दोन स्पर्धांत फुटली होती. टीव्हीच्या हक्कांवरून दोन बड्या माध्यमसम्राटांनी खेळच मधून चिरला. 1998 मध्ये तडजोड होऊन नॅशनल रग्बी लीग, म्हणजे एनआरएल, आली, आणि तिने एएफएलच्या राजधानीत मेलबर्न स्टॉर्म हा नवा संघ उतरवला. दुसऱ्याच वर्षी, 1999 मध्ये, स्टॉर्म विजेते ठरले. तरीही मेलबर्न मेलबर्नच राहिलं. चषक जिंकला म्हणून शहर खेळ बदलत नाही, हा धडा एएफएलच्या कचेरीपासून ट्रामच्या अंतरावर घडला होता.

## अडचण नेमकी काय होती

2008 च्या सुमाराला पश्चिम सिडनीत अंदाजे 20 लाख लोक राहत होते आणि वस्ती झपाट्याने वाढत होती. मेलबर्नमध्ये एएफएलचे नऊ क्लब. तिथे नवा प्रेक्षक मिळण्यासारखा उरला नव्हता. दुसरीकडे टीव्हीचा हिशेब होता. 16 संघ म्हणजे आठवड्याला आठ सामने; 18 झाले की नऊ. 2012 ते 2016 या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचा करार 2011 मध्ये 1.25 अब्ज डॉलरला झाला, त्यात तो नववा सामना मोजलेला होता.

म्हणजे एएफएलला संघ हवा होता, त्याचं कारण पक्कं होतं आणि पैसाही होता. अडचण पलीकडच्या बाजूला होती. 20 लाखांतल्या कुणीही असा संघ मागितला नव्हता. जुन्या घरांमध्ये लीग पिढीजात. नव्या घरांमध्ये भारत, चीन, लेबनॉन, फिलिपिन्स, व्हिएतनाम इथून आलेली माणसं. त्यांच्या मनातला खेळ एक तर सॉकर, नाहीतर आपल्यासारखं क्रिकेट. हॅरिस पार्क, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल या पट्ट्यात शनिवारी फिरलं तर मराठी, गुजराती, तेलुगू, पंजाबी कानावर पडतं. या मुलांच्या हातात बॅट असते. लांबुडका चेंडू त्यांनी कधी पाहिलेला नसतो.

## समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, मेलबर्नचा एखादा कमजोर क्लब उत्तरेला हलवायचा. नॉर्थ मेलबर्नला गोल्ड कोस्टला जाण्यासाठी भक्कम मदत देऊ केली होती. डिसेंबर 2007 मध्ये क्लबने नकार दिला. स्वान्सच्या वेळची साउथ मेलबर्नकरांची जखम लोक विसरले नव्हते. हा रस्ता बंद झाला, आणि मला वाटतं ते बरंच झालं. उपटून आणलेलं झाड आधी दोन्हीकडे वाळतं.

दुसरा पर्याय टास्मानिया. तिथे हा खेळ शंभराहून अधिक वर्षं रुजलेला, माणसं वेडी, मागणी जुनी. पण बेटावरची वस्ती पाच लाख, आणि ती सगळी आधीपासून एएफएलच पाहणारी. धंद्याच्या भाषेत तिथे नवीन गिऱ्हाईक नव्हतं. टास्मानियाला ताटकळत ठेवलं गेलं. परवाना मिळायला मे 2023 उजाडला. ज्यांनी इतकी वर्षं प्रेम केलं त्यांना मागे ठेवून ज्यांनी मागितलं नाही त्यांच्या दारात जायचं, या निर्णयाची टोचणी मला आजही आहे, मी त्याच दारात राहत असलो तरी.

तिसरा पर्याय सिडनीत दुसरा संघ न काढता स्वान्सलाच पश्चिमेकडे ताणायचा, म्हणजे काही सामने, शाळांचे कार्यक्रम, सरावाचं केंद्र. स्वस्त होता. पण पश्चिमेच्या माणसाला पूर्वेच्या संघाचं उरलंसुरलं दिल्यासारखं झालं असतं, आणि पूर्व-पश्चिम ही सिडनीत नुसती दिशा नाही, प्रतिष्ठेची बाब आहे.

मार्च 2008 मध्ये 16 क्लबांच्या अध्यक्षांनी चौथ्या पर्यायाला संमती दिली. गोल्ड कोस्ट आणि पश्चिम सिडनी इथे दोन अगदी नवे क्लब. गोल्ड कोस्ट सन्स 2011 मध्ये मैदानात आले, जायंट्स 2012 मध्ये.

## काय केलं गेलं

पहिला निर्णय माणसांचा. नोव्हेंबर 2009 मध्ये केविन शीडी प्रशिक्षक म्हणून आले. एसेंडन क्लबला 27 वर्षं शिकवलेले, चार विजेतेपदं मिळवलेले, आणि मुख्य म्हणजे बोलायला न थकणारे. शाळेत, दुकानात, रोटरीच्या जेवणात, जिथे दोन माणसं दिसतील तिथे उभे राहायचे. ही निवड मला आजही योग्य वाटते. जिथे खेळ कुणाला माहीत नाही तिथे आधी सांगणारा लागतो.

दुसरा निर्णय खेळाडूंचा. नव्या क्लबांना तरुण खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमध्ये भरपूर सवलती मिळाल्या. देशातले सर्वोत्तम अठरा-एकोणीस वर्षांचे डझनभर पोरगे एकाच संघात. ब्रेकफास्ट पॉइंट नावाच्या नदीकाठच्या वसाहतीत त्यांना एकत्र राहायला जागा दिली. बहुतेक सगळे घरापासून हजारभर किलोमीटरवर, पहिल्यांदाच स्वतःचे कपडे धुणारे. जेरेमी कॅमेरन, टोबी ग्रीन, स्टीफन कॉनिलियो ही त्यांतली पुढे मोठी झालेली नावं. सोबत फिल डेव्हिस, कॅलन वॉर्ड असे थोडे अनुभवी गडी.

तिसरा निर्णय इस्राएल फोलाऊचा, आणि प्रकरणाची गाठ इथे आहे. जून 2010 मध्ये जाहीर झालं की रग्बी लीगचा हा तारा, स्टॉर्म आणि ब्रिस्बेन ब्राँकोजकडून खेळलेला, पश्चिम सिडनीत वाढलेला, जायंट्सकडे येणार. पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर असल्याचं छापून आलं. त्याने एएफएलचा एकही सामना खेळलेला नव्हता. हिशेब असा होता की लीगचा माणूस आला की लीगचे प्रेक्षक मागून येतील.

24 मार्च 2012 चा पहिला सामना मी पाहिला आहे. ऑलिंपिक पार्कच्या मोठ्या स्टेडियमवर स्वान्सविरुद्ध, 38 हजारांवर लोक. माझ्याबरोबर शेजारच्या मराठी घरातला आठ वर्षांचा मुलगा होता. शाळेतल्या मित्रांनी त्याला फोलाऊचं नाव सांगून पाठवलं होतं, त्यामुळे तो पहिला अर्धा तास त्यालाच शोधत होता. जायंट्स 63 गुणांनी हरले. परतताना गाडीत पोरगा फोलाऊबद्दल काहीच बोलला नाही. त्याने विचारलं, "काका, एवढा उंच कॅच पकडला तरी कुणी आउट का नाही होत?"

तो ज्याला कॅच म्हणत होता त्याला या खेळात 'मार्क' म्हणतात. निदान 15 मीटर आलेली किक हवेतच झेलली की खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला निवांत किक मारायला मिळते. बाकी काही न कळता क्रिकेटच्या पोराला तेवढं बरोबर दिसलं होतं. मी त्या रात्री हे कुणाला सांगायला हवं होतं, असं नंतर फार वाटलं.

फोलाऊ 13 सामने खेळला, दोन गोल केले. हंगाम संपल्यावर या खेळात मन रमत नाही म्हणून बाहेर पडला आणि 2013 मध्ये तिसऱ्याच प्रकाराकडे, रग्बी युनियनकडे गेला. त्याला दोष देणं मला पटत नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला एका अख्ख्या प्रदेशाचं दार उघडायला सांगितलं होतं. एएफएलच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्याच्या नावाने जितकी वृत्तपत्रं भरली तितकी जाहिरातीने भरली नसती. पण बातमी वाचणारा आणि हंगामाचं तिकीट काढणारा ही दोन वेगळी माणसं असतात.

चौथा निर्णय जागेचा. घरचं मैदान ठरलं ऑलिंपिक पार्कमधलं शोग्राउंड, सुमारे 24 हजारांची जागा, सुबक आणि मैदानाला लगटून बसता येईल असं. फक्त दर वर्षी तिथे रॉयल ईस्टर शो भरतो. गायी, मेंढ्या, लाकूडतोडीच्या शर्यती, पाळणे. फुटीचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि ईस्टर मार्च-एप्रिलमध्ये येतो. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला, लोकांची उत्सुकता ताजी असते नेमक्या त्याच आठवड्यांत, संघ घराबाहेर. त्यात वर्षाला तीन घरचे सामने कॅनबेराच्या मानुका ओव्हलवर, तिथल्या सरकारशी झालेल्या दहा वर्षांच्या करारामुळे. कॅनबेरा इथून तीन तासांवर. पैसा मिळाला, आणि कॅनबेराच्या लोकांनी संघाला जीवही लावला. पहिला विजय, मे 2012 मध्ये गोल्ड कोस्टविरुद्ध, तिथेच मिळाला. पण पश्चिम सिडनीच्या वाट्याला आधीच कमी असलेले सामने आणखी कमी झाले.

## त्याच वर्षी शेजारी काय घडलं

जायंट्सच्या पहिल्या सामन्यानंतर काही दिवसांनी, एप्रिल 2012 मध्ये, सॉकरवाल्यांनीही पश्चिम सिडनीत संघ जाहीर केला. पहिल्या सामन्याला जेमतेम सहा महिने होते. तेव्हा हाताशी ना तारा, ना सवलती. त्यांनी गावोगाव सभा घेतल्या आणि नाव काय असावं, रंग कोणते असावेत, कुठे खेळावं हे लोकांनाच विचारलं. त्यातून वाँडरर्स हे नाव आणि लाल-काळा रंग आला, आणि मैदान ठरलं पॅरामॅटाच्या मधोमध. सामन्याच्या दिवशी लोक ढोल वाजवत रस्त्याने चालत स्टेडियमला जायचे. पहिल्याच हंगामात साखळीत अव्वल, 2014 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचं विजेतेपद; कोणत्याही ऑस्ट्रेलियन क्लबचं ते पहिलंच.

तुलना करताना न्याय करायला हवा. सॉकर खेळणारी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या होतीच, वाँडरर्सना फक्त झेंडा उभारायचा होता. जायंट्सना झेंडा, काठी आणि खड्डा, सगळंच करायचं होतं. तरीही नावाचा मुद्दा उरतोच. 'ग्रेटर वेस्टर्न सिडनी' हा शब्द नगररचनेच्या नकाशातला आहे. "मी ग्रेटर वेस्टर्न सिडनीचा" असं बोलताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही. माणूस पॅरामॅटाचा असतो, ब्लॅकटाउनचा असतो, पेनरिथचा असतो.

आणि पुढे पॅरामॅटाचं जुनं स्टेडियम पाडल्यावर वाँडरर्सनाही काही हंगाम ऑलिंपिक पार्कला जावं लागलं, तेव्हा त्यांचीही गर्दी ओसरली. 2019 मध्ये त्या जागी 30 हजारांचं सुंदर नवं स्टेडियम उभं राहिलं, अर्थात चौकोनी. ईल्स आणि वाँडरर्स दोघांना चालतं. एएफएलला तिथे जागाच नाही.

## परिणाम

2012 मध्ये 22 पैकी दोन विजय, 2013 मध्ये एक. त्याच 2012 मध्ये स्वान्सनी विजेतेपद जिंकल्यामुळे दोन सिडनींमधलं अंतर आणखी उठून दिसलं. 2014 पासून प्रशिक्षक लिऑन कॅमेरन यांच्या हाताखाली ती पोरं वयात आली. 2016 मध्ये बाद फेरीत स्वान्सना हरवलं, तेव्हा ऑलिंपिक पार्कवर 60 हजारांवर लोक होते. दोनच आठवड्यांनी शोग्राउंडवर उपांत्य सामना वेस्टर्न बुलडॉग्जशी झाला. मेलबर्नहून बसगाड्या भरभरून माणसं आली आणि आपल्याच मैदानात आपल्याला पाहुण्यांचा आवाज जास्त ऐकू येत होता. सहा गुणांनी हरलो. त्या दिवशी मला संघाबद्दल पहिल्यांदा 'आपला' हा शब्द मनातून आला, तेव्हा तो आकडा मी विसरणार नाही.

2019 मध्ये सदस्यसंख्या 30 हजारांवर गेली, संघ अंतिम फेरीत पोचला आणि एमसीजीवर एक लाखाच्या गर्दीसमोर रिचमंडकडून 89 गुणांनी हरला. 2023 मध्ये उपांत्य फेरीत कॉलिंगवुडकडून एका गुणाने. मैदानावर हा क्लब यशस्वी आहे यात वाद नाही.

गर्दी मात्र बरीच वर्षं दहा ते तेरा हजारांच्या घरात घोटाळत राहिली. या काळात रग्बी लीग हातावर हात ठेवून बसली नव्हती. पेनरिथ पँथर्सनी 2021 ते 2024 सलग चार विजेतेपदं घेतली, तीही बहुतांशी आपल्याच गल्लीत वाढवलेल्या मुलांच्या बळावर. 2022 चा अंतिम सामना तर पेनरिथ विरुद्ध पॅरामॅटा, दोन्ही पश्चिमेचे. त्या रविवारी आमच्या रस्त्यावर एक घर काळं आणि दुसरं निळं-पिवळं सजलं होतं. जायंट्सचा नारिंगी दिसायचं कारणच नव्हतं.

## वेगळं काय करता आलं असतं

आमच्या उपनगरातलं मैदान घ्या. मार्चअखेरपर्यंत तिथे क्रिकेट. मधोमध काँक्रीटची खेळपट्टी, वर हिरवं सिंथेटिक आवरण. एप्रिलच्या एका शुक्रवारी माणसं येऊन तिच्यावर रबरी चटया अंथरतात, कडा नीट जुळवतात, म्हणजे पडणाऱ्या पोराचा गुडघा फुटू नये. मग दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे राहतात. मधल्या दोघांतून चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला की 'बिहाइंड', एक गुण. शनिवारी सकाळी तेच गवत, तेच पॅव्हेलियन, तोच नळ. फक्त क्रिकेटची मुलं तिथे नसतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की तुमचंच मैदान हिवाळ्यातही चालू असतं.

मी पहिल्या काही वर्षांत अनेक मराठी घरांना ऑसकिकबद्दल सांगितलं. आया एकच प्रश्न विचारायच्या, "दादा, यात लागतं का फार?" रग्बी टीव्हीवर पाहिलेली, एकमेकांवर आदळणारे धिप्पाड गडी डोक्यात बसलेले. ऑसकिकमध्ये लहानांना पाडायचं नसतं, झेलणं आणि मारणं एवढंच असतं, हे समजावलं की निम्म्या तयार व्हायच्या. सगळी अडचण पाच मिनिटांच्या बोलण्याची होती, पण ती पाच मिनिटं देणारा माणूस क्रिकेटच्या शेवटच्या सामन्याला हजर असायला हवा होता. फोलाऊच्या एका वर्षाच्या पगारात अशी किती माणसं, किती मैदानांवर, किती वर्षं नेमता आली असती, हा हिशेब मी मनात अनेकदा केला आहे.

पर्याय एकच नव्हता, हे खरं. तारा आणि मदतनीस दोन्ही ठेवता आले असते, आणि शाळांमध्ये कार्यक्रम झालेही. पण वर्गाच्या तासाला आलेला प्रशिक्षक परत गेल्यावर मुलाला शनिवारी जायला जागा लागते. स्थानिक मुलांसाठी क्लबची अकादमीही होती. तिच्यातून मोठे झालेले बरेचसे खेळाडू आले ते राज्याच्या दक्षिणेकडच्या रिव्हरिना भागातून. तिथे हा खेळ आधीपासूनच खेळला जातो. इतर क्लबांनी तक्रार केल्यावर त्यातला काही प्रदेश काढूनही घेतला गेला. ब्लॅकटाउन-पॅरामॅटाचा पोरगा अकादमीतून वर यायला मुळात आठव्या वर्षी चेंडू हातात यावा लागतो.

जागेच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. एप्रिलमध्ये घर नसणं ही गोष्ट पहिल्या दिवसापासून कॅलेंडरवर दिसत होती. ब्लॅकटाउनच्या रूटी हिलला एएफएलला चालणारं लंबवर्तुळाकार मैदान होतं, संघ सुरुवातीला सरावही तिथेच करायचा. ते लहान आहे, टीव्हीला शोभत नाही, हे मान्य. पण ईस्टरच्या आठवड्यांत तिथे दहा हजार माणसं दाटीवाटीने बसली असती तर ती पश्चिमेची असती. पुढे सरावाचं ठिकाणही ऑलिंपिक पार्कला हललं आणि खेळाडू ब्लॅकटाउनच्या रस्त्यांवर दिसेनासे झाले. नव्या मैदानाला नाव मिळालं टॉम विल्स यांचं, क्रिकेटपटूंसाठी हा खेळ सुचवणाऱ्या माणसाचं.

एक निर्णय मात्र उशिरा का होईना अचूक लागला. 2017 मध्ये महिलांची एएफएल स्पर्धा सुरू झाली आणि जायंट्सचा संघ पहिल्या वर्षापासून तिच्यात होता. त्याच वर्षी क्लबने नेटबॉलचाही संघ काढला. मुलींचे सामने छोट्या मैदानांवर व्हायचे, आणि सामना संपला की खेळाडू कुंपणाशी येऊन लहान मुलींशी बोलत उभ्या राहायच्या.

त्या पहिल्या रात्री गाडीत प्रश्न विचारणारा मुलगा ऑसकिकला दोन हिवाळे आला आणि मग क्रिकेटकडेच वळला. आता तो ग्रेड क्रिकेट खेळतो, सीमारेषेवर उंच झेल छान घेतो. त्याची धाकटी बहीण मात्र 2017 मध्ये आली ती टिकली. मुलींचा वेगळा संघ करायला पुरेशा मुली नव्हत्या, तर पहिली दोन वर्षं मुलांमध्ये खेळली. मागच्या हंगामात एका सकाळी गोल पंच आलाच नाही. तिच्या आईने, ज्यांनी मला "लागतं का फार?" विचारलं होतं त्यांनीच, पांढरा कोट चढवला, दोन झेंडे घेतले आणि खांबांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. लेकीची किक मधून गेली. त्यांनी आधी दोन्ही बोटं दाखवली, मग झेंडे उचलून हलवले, डावा-उजवा एकमेकांवरून, नियमात सांगितलंय तसे.